सूचीतील घटकांची नावे: ‘आर’ संगणक भाषेत पीक कापणीच्या आकड्यांची ओळख कशी टिकवावी

दिल्लीच्या उत्तरेस, रिज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडावर ‘हिंदूराव’ हे ठिकाण आहे. आज तेथे महानगरपालिकेचे रुग्णालय आहे. तेथील कोठी एके काळी विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याची. १८३५ मध्ये फ्रेझर यांची हत्या झाल्यावर ती बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांच्याकडे आली. पुढे १८५७ च्या लढाईत तिथे फौजेचे ठाणे होते आणि कालांतराने रुग्णालय झाले. आत राहणारे बदलले, वास्तूचा उपयोग बदलला. कागलच्या घाटग्यांचे नाव मात्र त्या जागेस चिकटून राहिले. याच शहरातील ‘पुसा’ची गोष्ट याच्या उलट आहे. बिहारमधील पुसा या गावी १९०५ मध्ये स्थापन झालेली कृषी संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ मध्ये दिल्लीस हलविण्यात आली. जागा बदलली, नाव सोबत आले. पुसा बासमती ११२१ पेरणारा शेतकरी आजही त्या दूरच्या गावाचे नाव घेतो.

संगणकात साठविलेल्या माहितीपुढेही हाच प्रश्न असतो. एखादी नोंद तिच्या जागेवरून ओळखावी की तिच्या नावावरून? संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या भाषेत ‘सूची’ (लिस्ट) या रचनेच्या संदर्भात हा प्रश्न दररोज उपस्थित होतो. वरवर तो तांत्रिक वाटला, तरी त्याचे उत्तर चुकल्यास एका मंडळाचे उत्पादन दुसऱ्या मंडळाच्या नावावर जाऊ शकते. म्हणून विस्तार कार्यकर्ते, कृषी विज्ञान केंद्रांतील विषय विशेषज्ञ आणि स्वतःच्या शेतावर चाचण्या घेणारे प्रगतिशील शेतकरी यांच्यासाठी या विषयाची सोदाहरण मांडणी येथे केली आहे.

एक सूचना

‘आर’मधील आज्ञा संगणकावर रोमन लिपीत व इंग्रजी अंकांत टंकित कराव्या लागतात. वाचनाच्या सोयीसाठी येथे त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. ही भाषा लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांत भेद करते, हेही ध्यानात असावे.

पूर्वपीठिका

शेतमालाच्या उत्पादनाचा अंदाज केवळ नजरेने, म्हणजे आणेवारीच्या पद्धतीने न बांधता यादृच्छिक नमुना निवडून प्रत्यक्ष पीक कापून बांधावा, ही पद्धत आपल्या देशात १९४० च्या दशकात रुजली. त्या कामात दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यांपैकी एक, आणि डॉ. विनायक गोविंद पानसे हे दुसरे. दिल्लीत कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागातून या कार्याची उभारणी झाली. कृषी क्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी या दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील इंग्रजी ग्रंथ परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. ‘पानसे–सुखात्मे’ या जोडनावाने तो आजही कृषी पदवीधरांच्या परिचयाचा आहे.

त्या काळी प्रत्येक प्रयोगाचे आकडे कागदी तक्त्यावर भरले जात. तक्त्याच्या माथ्यावर जिल्हा, तालुका, गाव आणि शेताचा क्रमांक असे. आकडा आणि त्याची ओळख एकाच कागदावर असल्याने दोहोंची ताटातूट सहजासहजी होत नसे. आकडे संगणकात गेल्यानंतर ही हमी आपोआप मिळत नाही. ती विश्लेषकाने जाणीवपूर्वक निर्माण करावी लागते.

‘आर’ ही भाषा १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी विकसित केली. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य उपलब्ध असल्याने कृषी विद्यापीठे व संशोधन संस्थांमध्ये तिचा वापर होऊ लागला आहे.

सूची म्हणजे काय?

‘आर’मधील साध्या सदिशात (व्हेक्टर) एकाच प्रकारची माहिती राहते, सर्व आकडे किंवा सर्व अक्षरे. सूचीत मात्र प्रत्येक घटक वेगळ्या प्रकारचा व वेगळ्या आकाराचा असू शकतो. एका घटकात चार प्रयोगांचे वजन, दुसऱ्यात सहा प्रयोगांचे, तिसऱ्यात एक संपूर्ण तक्ता, चौथ्यात शेरा. धान्याच्या कोठीत शेजारी शेजारी ठेवलेल्या पोत्यांसारखी ही रचना आहे. एका पोत्यात ज्वारी, दुसऱ्यात हरभरा, तिसऱ्यात बियाणे. पोत्यांवर चिठ्ठी नसेल तर ‘भिंतीपासून तिसरे पोते’ एवढीच त्यांची ओळख उरते. आणि कोणी मधले एक पोते उचलले की तीही उरत नाही.

नाव न देता सूची तयार केली तर तिचे घटक केवळ क्रमांकाने ओळखले जातात. पहिला घटक हवा असल्यास सूचीच्या नावापुढे दुहेरी चौकटी कंसात १ लिहावे लागते. अशा सूचीवर ‘नेम्स’ ही आज्ञा चालविल्यास ‘नल’, म्हणजे ‘काही नाही’, असे उत्तर मिळते. कोणत्याही सूचीवर काम सुरू करण्यापूर्वी ही आज्ञा एकदा चालवून पाहणे, हे पहिले पथ्य होय.

क्रमांकावर विसंबण्याचा धोका: बारा मंडळांचे उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित आहे. परंतु त्यातील चूक ‘आर’ वापरणाऱ्या कोणाच्याही हातून होऊ शकते.

एका तालुक्यात १२ महसूल मंडळे आहेत. प्रत्येक मंडळातील सोयाबीनच्या पीक कापणी प्रयोगांची फाइल वेगळी असून फाइलींची नावे मंडळ१, मंडळ२, मंडळ३ … मंडळ१२ अशी आहेत. विश्लेषकाने ‘लिस्ट.फाइल्स’ या आज्ञेने फाइलींची यादी घेतली, ‘एलॅप्लाय’ या आज्ञेने प्रत्येक फाइल वाचून १२ घटकांची सूची केली, आणि नंतर त्या घटकांना अनुक्रमे ‘मंडळ १’ ते ‘मंडळ १२’ अशी नावे हाताने टंकित केली.

चूक येथेच घडली. ‘लिस्ट.फाइल्स’ फाइलींची नावे आकड्यांच्या क्रमाने नव्हे, तर अक्षरांच्या क्रमाने लावते. शब्दकोशात जसा शब्द पहिल्या अक्षरावरून, मग दुसऱ्यावरून लागतो, तसेच येथे होते. त्यामुळे फाइलींचा प्रत्यक्ष क्रम १, १०, ११, १२, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९ असा लागला. सूचीतील दुसरा घटक हा मंडळ १० चा होता. त्यावर ‘मंडळ २’ अशी चिठ्ठी लागली. मंडळ २ ची माहिती पाचव्या जागी जाऊन तिच्यावर ‘मंडळ ५’ असे नाव पडले. १२ पैकी केवळ पहिल्या मंडळाची ओळख शाबूत राहिली. उर्वरित ११ मंडळांची माहिती दुसऱ्याच्या नावावर गेली.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, प्रयोगाचा प्लॉट ५ मीटर × ५ मीटर, म्हणजे २५ चौरस मीटरचा आहे. एका हेक्टरमध्ये असे ४०० प्लॉट मावतात. म्हणून प्लॉटमधील वजनास ४०० ने गुणल्यास हेक्टरी उत्पादन मिळते. मंडळ २ ची सरासरी प्रति प्लॉट २.२५ किलो, म्हणजे हेक्टरी ९०० किलो निघाली. मंडळ १० ची सरासरी ३.२० किलो, म्हणजे हेक्टरी १,२८० किलो.

२०१६ च्या खरीप हंगामापासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत पीक कापणीवर आधारित नुकसानभरपाई ठरविताना उंबरठा उत्पादनातून प्रत्यक्ष उत्पादन वजा करतात, त्या तुटीस उंबरठा उत्पादनाने भागतात आणि आलेल्या प्रमाणास विमा संरक्षित रकमेने गुणतात. उंबरठा उत्पादन हेक्टरी १,२०० किलो आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली, तर मंडळ २ मधील तूट ३०० किलो, म्हणजे २५ टक्के येते. तेथील शेतकऱ्यास हेक्टरी १२,५०० रुपये देय होतात. परंतु चुकीच्या चिठ्ठीमुळे मंडळ २ च्या नावावर १,२८० किलो उत्पादन दिसू लागले. ते उंबरठ्याहून अधिक असल्याने भरपाई शून्य झाली. शेतात तूट होती, प्रयोग नियमानुसार झाला होता, वजन बरोबर घेतले होते. गफलत केवळ नावाची होती.

ही चूक लपून राहते, हे अधिक गंभीर आहे. बारा मंडळांची एकत्रित सरासरी काढली तर ती अचूक येते. कारण आकडे तेच आहेत, फक्त त्यांची जागा बदललेली आहे. ‘आर’ कोणतीही सूचना देत नाही, कारण भाषेच्या दृष्टीने १२ घटकांना १२ नावे मिळाली आहेत. तालुक्याचा आकडा जुळला म्हणून निश्चिंत होणाऱ्या अधिकाऱ्यास मंडळाच्या पातळीवरील गोंधळ दिसतच नाही.

नावे देण्याच्या पद्धती

वरील उदाहरणात नावे दिली होती, तरीही चूक झाली. यावरून मुख्य तत्त्व स्पष्ट होते. केवळ नाव देणे पुरेसे नाही. ज्या उगमातून माहिती आली, त्याच उगमातून तिचे नावही यावयास हवे. स्मरणाने टंकित केलेले नाव आणि माहितीचा क्रम यांत कोणताही दुवा नसतो. हे तत्त्व समोर ठेवून पुढील चार पद्धती पाहाव्यात.

पहिली पद्धत सूची तयार करतानाच नाव देण्याची. घटक थोडे असतील तेव्हा ही सर्वांत सुरक्षित ठरते, कारण नाव आणि आकडे एकाच ओळीत, एकमेकांशेजारी लिहिले जातात.

वजन <- लिस्ट(मंडळ०१ = सी(२.८, ३.१, २.९), मंडळ०२ = सी(२.२, २.३))

दुसरी पद्धत अस्तित्वात असलेल्या सूचीस नंतर नावे देण्याची. त्यासाठी ‘नेम्स’ ही आज्ञा बाणाच्या डाव्या बाजूस लिहितात. बारा मंडळांचे उदाहरण योग्य रीतीने असे लिहिता आले असते:

फाइली <- लिस्ट.फाइल्स()
नोंदी <- एलॅप्लाय(फाइली, रीड.सीएसव्ही)
नेम्स(नोंदी) <- फाइली

ज्या यादीवरून फाइली वाचल्या, तीच यादी तिसऱ्या ओळीत नावे म्हणून दिली आहे. क्रम १, १०, ११ असा लागला तरी चिंता नाही; मंडळ१० ची माहिती मंडळ१० याच नावाखाली राहील. येथे संख्येचा मेळ महत्त्वाचा आहे. नावे घटकांपेक्षा अधिक दिल्यास ‘आर’ चूक दाखवून थांबते; परंतु कमी दिल्यास थांबत नाही, उरलेल्या घटकांना ‘एनए’ हे रिते नाव देऊन पुढे जाते.

तिसरी पद्धत ‘सेटनेम्स’ या आज्ञेची. ती सूची आणि नावे एकत्र घेऊन नामांकित सूची परत देते. ‘एलॅप्लाय’ला देण्यापूर्वीच फाइलींच्या यादीस या आज्ञेने नावे दिली, तर ती नावे पुढील सूचीत आपोआप उतरतात, कारण मिळालेली नावे जपणे हा ‘एलॅप्लाय’चा गुण आहे.

चौथी पद्धत ‘स्प्लिट’ची. सर्व मंडळांची माहिती एकाच तक्त्यात असेल आणि त्यात मंडळाचा स्वतंत्र रकाना असेल, तर ‘स्प्लिट’ त्या रकान्यानुसार तक्त्याचे तुकडे करते व प्रत्येक तुकड्यास रकान्यातील मूल्याचेच नाव देते. नाव माहितीतूनच येत असल्याने हाताने टंकन करण्याचा प्रसंग येत नाही. शक्य असेल तेथे हीच पद्धत अवलंबावी.

एकाच घटकाचे नाव बदलावयाचे असल्यास ‘नेम्स’च्या पुढे एकेरी चौकटी कंसात त्याचा क्रमांक देऊन नवे नाव द्यावे. सर्व नावे काढून टाकण्यासाठी ‘अननेम’ ही आज्ञा आहे. मात्र तिची गरज क्वचितच भासते.

नावाने घटक मिळविणे: ‘वडगाव’चा धडा

नाव दिलेला घटक दोन मार्गांनी मिळविता येतो: दुहेरी चौकटी कंसात अवतरणचिन्हांसह नाव लिहून, किंवा सूचीनंतर डॉलर चिन्ह लिहून त्यापुढे नाव लिहून. डॉलरचा मार्ग लिहावयास सोपा असल्याने अनेकांच्या हाती बसलेला असतो. परंतु त्यात एक खाच आहे. डॉलर चिन्ह अपुऱ्या नावावरही समाधान मानते.

समजा, सूचीत ‘वडगाव बुद्रुक’ हा घटक आहे आणि ‘वडगाव’ नावाचा स्वतंत्र घटक नाही. आपण डॉलरपुढे फक्त ‘वडगाव’ लिहिले, तर ‘आर’ त्या अक्षरांनी सुरू होणारे एकमेव नाव शोधून वडगाव बुद्रुकची माहिती मुकाट्याने पुढे करते. आपणांस हवे होते दुसरेच वडगाव, मिळाले बुद्रुक. त्याच सूचीत उद्या ‘वडगाव खुर्द’ची भर पडली, तर त्या अक्षरांनी सुरू होणारी दोन नावे होतात, निवड करता येत नाही आणि तीच ओळ आता ‘नल’ देते. काल चाललेली आज्ञा आज का चालत नाही, याचा उलगडा मग होत नाही.

दुहेरी चौकटी कंस पूर्ण नाव जुळल्याखेरीज घटक देत नाही. म्हणून अंतिम अहवालासाठीच्या आज्ञांत त्याचाच वापर करावा. डॉलर चिन्ह वापरावयाचेच असेल, तर अपुऱ्या नावाबद्दल इशारा देण्याची सोय ‘ऑप्शन्स’मध्ये ‘वॉर्नपार्शियलमॅचडॉलर’ ही निवड ‘ट्रू’ करून मिळविता येते.

दुहेरी कंसातही एक दक्षता घ्यावी लागते. सूचीत नसलेले नाव विचारल्यास तेथेही चूक न दाखविता ‘नल’ मिळते. सूचीत ‘वडगाव’ असताना जुन्या वळणाने ‘वडगांव’ लिहिले, तर उत्तर ‘नल’ येईल. आणि त्या उत्तराची ‘सम’ या आज्ञेने बेरीज केली, तर ती शून्य येईल. अहवालात गावाचे उत्पादन शून्य दिसेल, आणि ते दुष्काळामुळे की अनुस्वारामुळे, हे कागदावरून कळणार नाही. म्हणून घटक मिळविण्यापूर्वी ते नाव ‘नेम्स’मध्ये आहे की नाही, याची खातरजमा करावी.

मराठी ग्रामनामांच्या विशेष अडचणी

सूचीतील नावे देवनागरीत देता येतात, आणि ती द्यावीत असे वाटणेही स्वाभाविक आहे. तथापि तीन अडचणी ठाऊक असाव्यात.

पहिली, नावांची पुनरावृत्ती. ‘आर’ एकाच सूचीत दोन घटकांना एकच नाव देण्यास हरकत घेत नाही. आणि त्या नावाने विचारणा केल्यास केवळ पहिला घटक देते. दुसरा असूनही नसल्यासारखा होतो. महाराष्ट्रात एकाच नावाची गावे किती आहेत, हे क्षेत्रीय कार्यकर्त्यांस सांगावयास नको. हा पेच आपल्या पूर्वजांपुढेही होता. मोठ्या गावास बुद्रुक व लहानास खुर्द ही फारसीतून आलेली विशेषणे जोडून त्यांनी तो सोडविला. संगणकातही तेच करावे: गावाच्या नावास तालुक्याचे नाव जोडून घटकाचे नाव पूर्ण करावे. पुनरावृत्ती आहे का, हे ‘एनीडुप्लिकेटेड’ ही आज्ञा सांगते. उत्तर शून्य आले म्हणजे सर्व नावे भिन्न आहेत असे समजावे.

दुसरी अडचण दिसत नाही, म्हणून अधिक फसवी आहे. ‘कऱ्हाड’ या नावातील अर्धा ‘र’ संगणकात दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त चिन्ह वापरतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर व कागदावर दोन्ही ‘कऱ्हाड’ सारखेच दिसतात; परंतु ‘आर’च्या लेखी पहिला शब्द ६ चिन्हांचा आणि दुसरा ७ चिन्हांचा असल्याने ती दोन भिन्न नावे ठरतात. एका कार्यालयाच्या तक्त्यात एक प्रकार आणि दुसऱ्याच्या तक्त्यात दुसरा असेल, तर नावे जुळत नाहीत. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही असाच घोळ घालते; ती ‘ट्रिमडब्ल्यूएस’ या आज्ञेने काढता येते.

तिसरी अडचण फाइल साठविण्याची. एक्सेलमधून सीएसव्ही फाइल करताना ‘यूटीएफ-८’ हा प्रकार निवडला नाही, तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. शिवाय ‘रीड.सीएसव्ही’ ही आज्ञा रकान्यांच्या मथळ्यांतील मोकळ्या जागी टिंब घालते. ‘वडगाव बुद्रुक’चे ‘वडगाव.बुद्रुक’ होते. तक्ता हीदेखील ‘आर’मध्ये एक सूचीच असून रकाने हे तिचे घटक असल्यामुळे घटकांची नावेच बदलल्यासारखे होते. ‘चेक.नेम्स’ ही निवड ‘फॉल्स’ ठेवल्यास मूळ मथळे कायम राहतात.

या तिन्ही अडचणींवर एक समान उपाय आहे. घटकाचे नाव म्हणून संकेतांक वापरावा आणि मराठी नाव स्वतंत्र रकान्यात ठेवावे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे. संकेतांकास ऱ्हस्व–दीर्घ नाही, अनुस्वार नाही, बुद्रुक–खुर्दही नाही. अहवाल छापताना मराठी नाव पुढे आणावे. हिशेब मात्र संकेतांकावर चालवावा.

नावे असूनही होणाऱ्या चुका

नाव दिले की सर्व धोके टळले, असे नाही. दोन प्रसंग विशेष लक्षात ठेवावेत.

एक, वजाबाकी व भागाकार. मंडळनिहाय उंबरठा उत्पादनाचा एक नामांकित सदिश आणि प्रत्यक्ष उत्पादनाचा दुसरा, अशी वजाबाकी केल्यास ‘आर’ नावे पाहत नाही. पहिल्यातून पहिले, दुसऱ्यातून दुसरे, असे जागेनुसार वजा करते आणि उत्तरास पहिल्या सदिशाची नावे लावते. दोहोंचा क्रम भिन्न असेल, तर उत्तर चुकीचे असूनही नावांमुळे बरोबर भासते. यासाठी वजाबाकीपूर्वी एक सदिश दुसऱ्याच्या नावांनुसार लावून घ्यावा:

प्रत्यक्ष <- प्रत्यक्ष[नेम्स(उंबरठा)]

त्यानंतर दोहोंची नावे तंतोतंत सारखी आहेत का, हे ‘आयडेंटिकल’ या आज्ञेने तपासावे. ती ‘स्टॉपइफनॉट’मध्ये घातल्यास नावे जुळली नाहीत तर गणितच थांबते.

दोन, सूची सपाट करणे. ‘अनलिस्ट’ ही आज्ञा सूचीतील सर्व आकडे एका ओळीत आणते. घटकात एकाहून अधिक आकडे असतील, तर ती घटकाच्या नावापुढे १, २, ३ असे अंक जोडते. ‘मंडळ१’ मधील दोन आकड्यांची नावे ‘मंडळ११’ आणि ‘मंडळ१२’ अशी होतात. वाचणाऱ्यास ती अकराव्या व बाराव्या मंडळाची वाटणार! ‘स्टॅक’ ही आज्ञा वापरल्यास आकडे एका रकान्यात व मूळ नावे दुसऱ्या रकान्यात जशीच्या तशी मिळतात. मंडळांना आरंभापासून ०१, ०२ असे दोन अंकी संकेतांक दिल्यास अक्षरांचा क्रम आणि अंकांचा क्रम एकच राहतो, हाही लाभ आहे.

प्रक्षेत्र चाचण्यांतील हाच पेच

केवळ पीक विम्याच्याच नव्हे, तर कृषी विज्ञान केंद्रांच्या चाचण्यांतही हा प्रश्न येतो. दहा प्रक्रियांच्या चाचणीत त्यांना टी१ ते टी१० अशी चिन्हे देण्याची प्रथा आहे. ‘आर’ या चिन्हांची वर्गवारी करताना त्यांचा क्रम टी१, टी१०, टी२, टी३ असा लावते. ‘स्प्लिट’ने केलेल्या सूचीस नंतर आराखड्याच्या क्रमाने ‘नियंत्रण’, ‘शेणखत’, ‘गांडूळखत’ अशी नावे हाताने दिली, तर दहाव्या प्रक्रियेचे उत्पादन दुसऱ्या प्रक्रियेच्या नावावर जाते. त्यावरून निघालेली शिफारस पुढे मेळाव्यांतून, पत्रकांतून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचते आणि शेतकरी त्या खतावर पैसे खर्च करतो. यासाठी प्रक्रियेची चिन्हे टी०१, टी०२ अशी ठेवावीत आणि चिन्ह व वर्णन यांचा स्वतंत्र तक्ता करून त्यावरून नावे जोडावीत.

अहवाल पाठविण्यापूर्वीची तपासणी

१. ‘नेम्स’ चालवून प्रत्येक घटकास नाव आहे, कोणतेही नाव रिकामे किंवा ‘एनए’ नाही, याची खात्री करावी.

२. ‘लेंग्थ’ या आज्ञेने घटकांची संख्या पाहून ती मंडळांच्या किंवा प्रक्रियांच्या प्रत्यक्ष संख्येशी ताडावी.

३. ‘एनीडुप्लिकेटेड’ने नावांची पुनरावृत्ती तपासावी.

४. दोन याद्यांतील नावांचा फरक ‘सेटडिफ’ने काढावा, तो दोन्ही दिशांनी काढणे आवश्यक आहे.

५. कोणतेही तीन घटक निवडून त्यांतील आकडे मूळ कागदी तक्त्याशी प्रत्यक्ष पडताळावेत. निवडताना पहिला घटक टाळावा. बारा मंडळांच्या उदाहरणात पाहिल्याप्रमाणे क्रम बिघडला तरी पहिला घटक बहुधा बरोबरच असतो.

पाचव्या कलमास पर्याय नाही. बाकीच्या तपासण्या संगणक करतो. परंतु नाव आणि शेत यांचा संबंध केवळ ते शेत पाहिलेला माणूस सांगू शकतो.

प्रगतिशील शेतकऱ्यांनीही यात आपला वाटा उचलावा. आपल्या शेतात पीक कापणी प्रयोग किंवा चाचणी झाली असेल, तर दिनांक, गट क्रमांक, प्लॉटचे वजन आणि प्रयोगाचा क्रमांक स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवावा. पुढे मंडळाचा निकाल जाहीर झाल्यावर शिवारातील अनुभव आणि कागदावरील आकडा यांत मोठी तफावत दिसली, तर केवळ ‘आकडा चुकीचा आहे’ असे न म्हणता ‘हा आकडा कोणत्या प्रयोगांवरून काढला?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर नावानिशी देता आले पाहिजे. ते देता येणे हीच चांगल्या विश्लेषणाची खूण होय.

पीक कापणीच्या दिवशी कृषी सहाय्यक, तलाठी व शेतकरी उन्हात उभे राहून जो आकडा मिळवितात, तो एका विशिष्ट शेताचा असतो. त्या शेताची ओळख संगणकातील शेवटच्या गणितापर्यंत आकड्यासोबत नेणे, एवढेच या सर्व आज्ञांचे प्रयोजन आहे. आगामी हंगामाच्या नोंदी संगणकावर घेण्यापूर्वी संकेतांकांची यादी तयार करावी. पुढील सर्व काम त्यामुळे सोपे होते.